गोलाचा हिशेब

क्रोशाची सुई पहिल्यांदा हातात घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला गोल बिघडतो, आणि तो दोनच तऱ्हांनी बिघडतो. एक तर त्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि रुमालाच्या जागी वाटी तयार होते. नाहीतर कडेला चुण्या पडत जातात आणि गोल झालरीसारखा लहरायला लागतो. ‘अजून हात बसला नाही’ असं म्हणून बहुतेक जण तो उसवतात. दोष मात्र बहुतेक वेळा हाताचा नसतो, मोजणीचा असतो. वाटी झाली म्हणजे टाके कमी पडले, झालर झाली म्हणजे जास्त झाले. नेमके किती टाके घेतले की गोल सपाट बसतो, याचं उत्तर आपण शाळेत शिकलेल्या परिघाच्या सूत्रात आहे.

ते उत्तर हातानेच शोधण्यासाठी या प्रकरणात सहा पाकळ्यांचं एक फूल विणायचं आहे. चारच ओळींचं, तळहातावर मावणारं. ते एकटं असेल तर बशीखालचा रुमाल होतं, सात जोडली तर देवघरातल्या चौरंगावर पसरता येतं, एका रांगेत जोडली तर दारावरचं तोरण होतं. रुखवतात मांडलेल्या क्रोशाच्या वस्तू नीट पाहिल्या, तर त्यातल्या बऱ्याचशा अशाच एका छोट्या नमुन्याची पुन्हा पुन्हा केलेली जोडणी असते.

सुईवर एकच वेढा

दोन सुयांवर स्वेटर विणताना एका सुईवर शंभर-दीडशे टाके एकाच वेळी उघडे असतात. सुई निसटली की टाके पडतात आणि भोक खालपर्यंत सरकत जातं. क्रोशात एक टाका पूर्ण झाला की सुईवर फक्त एक वेढा उरतो. बाकी सगळं काम तोवर बंद होऊन सुटं झालेलं असतं. सुई बाजूला ठेवून चहा टाकायला उठलात तरी फार तर एक-दोन टाके निसटतील. दोरा ओढून सगळं उसवायचं असेल तर मात्र ते शेवटच्या टाक्यापासून उलट सुरुवातीपर्यंत सरळ उसवत जातं. नवशिक्यासाठी ही सोय फार मोठी आहे.

या एका वेढ्यामुळेच क्रोशाला दिशेचं बंधन नाही. पुढचा टाका शेजारी घालता येतो, मागच्या ओळीत घालता येतो, मध्यभागापासून गोल फिरत जाता येतं, चालू काम सोडून बाजूला पाकळी काढता येते. सुई कापडात कुठे खुपसायची हे दर टाक्याला नव्याने ठरतं. यंत्राची अडचणही इथेच होते. विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्येच तयार केलं होतं, कारण स्वेटरच्या विणीत सगळे टाके एका रांगेत, ठरलेल्या जागी उभे असतात. खरा क्रोशा घाऊक प्रमाणात विणणारं यंत्र मात्र आजही बाजारात नाही. दुकानात ‘क्रोशा लेस’ म्हणून मीटरवर मिळणारी पट्टी बहुधा वेगळ्या विणीची, क्रोशासारखी दिसणारी यंत्रावरची लेस असते. खऱ्या क्रोशाची कुठलीही वस्तू पाहिली, स्वस्त असो वा महाग, की तिचा प्रत्येक टाका कुणाच्या तरी हाताने घातलेला आहे असं खुशाल धरून चालावं.

दोरा आणि सुई

पहिल्या फुलासाठी बारीक दोरा घेऊ नका. क्रोशाच्या सुती दोऱ्यांवर १०, २०, ४० असे क्रमांक असतात आणि क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक. चाळीस क्रमांकाचा रुमाल देखणा होतो, पण शिकताना त्यात टाकेच दिसत नाहीत. मध्यम जाडीची साधी लोकर किंवा तितकाच जाड सुती दोरा आणि ४ मिलिमीटरची सुई, ही जोडी सुरुवातीला बरी. रंग फिका असावा. काळ्या, गडद निळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका शोधताना डोळे थकतात. लोकर घेतली तर लेबल वाचा. आपल्याकडे लोकर म्हणून विकली जाणारी बरीचशी ॲक्रिलिक असते. विणायला ती सोपी, पण तिच्यावर गरम इस्त्री फिरवली तर ती चपटी होऊन कायमची मरगळते.

क्रोशाच्या सुती दोऱ्याला रेशमासारखी चमक असते, ती मर्सराइझ केल्यामुळे. लँकेशायरच्या जॉन मर्सरने १८४४ मध्ये सूत कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिलं. धागा फुगला आणि रंग चांगला धरू लागला, पण आखडलाही. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो याने तीच क्रिया धागा ताणून धरून केली, तेव्हा आखडणं थांबलं आणि चमक आली. चपटा, पीळ पडलेला तंतू फुगून गोल आणि गुळगुळीत होतो आणि उजेड एकसारखा परततो.

सुई पेन्सिलीसारखी धरा किंवा सुरीसारखी मुठीत धरा, दोन्ही बरोबर. खरं काम डाव्या हाताचं. दोरा करंगळीला एक वेढा देऊन, मधल्या बोटांखालून घेऊन तर्जनीवर आणायचा. तर्जनी उंच ठेवली की दोरा ताठ राहतो आणि सुईला तो पकडता येतो. ताण एकसारखा यायला वेळ लागतो, आणि तो सरावानेच येतो. टाके इतके घट्ट येत असतील की सुई आत जात नाही, तर बोटांशी झटापट करण्यापेक्षा सरळ अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या. डावखुऱ्यांनी हात उलटे धरायचे. त्यांचं फूल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाढेल, उजव्या हाताने विणणाऱ्यांचं उलट दिशेने. हिशेबात काही फरक पडत नाही.

लागणारे टाके

साखळी : दोऱ्याची सरकगाठ करून सुईवर घ्या. सुईच्या आकड्यात दोरा अडकवा आणि वेढ्यातून बाहेर ओढा. एक साखळी झाली.

स्लिप स्टिच : सुई टाक्यात घाला, दोरा पकडा आणि टाक्यातून व सुईवरच्या वेढ्यातून एकदम बाहेर काढा. याला उंची नसते, म्हणून तो फक्त जोडायला वापरायचा.

मुका खांब : सुई टाक्यात घाला, दोरा ओढून आणा. सुईवर दोन वेढे झाले. पुन्हा दोरा पकडून दोन्हींतून एकदम काढा.

खांब : आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढा. सुईवर तीन वेढे दिसतील. दोरा पकडून पहिल्या दोनांतून काढा, पुन्हा दोरा पकडून उरलेल्या दोनांतून काढा.

सुई टाक्यात घालायची म्हणजे नेमकी कुठे? प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर आडव्या पडलेल्या दोन पदरांची एक छोटी वेणी दिसते. सुई त्या दोन्ही पदरांखालून गेली पाहिजे. एकाच पदराखालून गेली तर काम सैल पडतं आणि ओळीवर रेघ उमटते.

इंग्रजी पुस्तकावरून किंवा व्हिडिओवरून विणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ आणि ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. आपला खांब अमेरिकेत ‘डबल’ आणि ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आढळलं तर तो अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही. ही अडचण आकृतीत येत नाही. तिथे साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली आणि खांबाला इंग्रजी टी अक्षर, त्याच्या दांड्यावर एक तिरकी रेघ. ती रेघ म्हणजे सुरुवातीला सुईवर घेतलेला वेढा. दोन वेढ्यांच्या उंच खांबाला दोन रेघा. गोल आकृती मध्यापासून बाहेर, घड्याळाच्या उलट दिशेने वाचायची.

बारा, चोवीस, छत्तीस

सहा साखळ्या घाला. पहिल्या साखळीत स्लिप स्टिच घालून कडी करा. फुलाचा मध्य हाच.

पहिली ओळ : तीन साखळ्या. या तिघी मिळून एका खांबाइतक्या उंच होतात, म्हणून त्यांना पहिला खांब मोजायचं. मग कडीच्या भोकात सुई घालून ११ खांब. एकूण १२. तिसऱ्या साखळीच्या डोक्यावर स्लिप स्टिच घालून ओळ जोडा.

दुसरी ओळ : तीन साखळ्या आणि त्याच जागी एक खांब. पुढच्या प्रत्येक खांबावर दोन-दोन खांब. एकूण २४. पुन्हा तिसऱ्या साखळीत जोडा.

काम उलटायचं नाही, सरळ बाजू सतत आपल्याकडे. आता ते टेबलावर ठेवून पाहा. मोजणी बरोबर असेल तर गोल सपाट पडतो.

बारानंतर चोवीसच का? खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे दर ओळीला गोलाची त्रिज्या दोन टाक्यांच्या रुंदीइतकी वाढते. परिघ त्रिज्येच्या सुमारे ६.२८ पट असतो. त्रिज्या दोनने वाढली की परिघ २ गुणिले ६.२८, म्हणजे सुमारे साडेबारा टाक्यांनी वाढायला हवा. विणणारे तिथे १२ धरतात. अर्ध्या टाक्याची कसर दोऱ्याच्या लवचीकपणात भरून निघते, आणि बाराला दोन, तीन, चार, सहा या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे पाकळ्या पाडायला तो आकडा सोयीचा. म्हणून खांबाच्या गोलात दर ओळीला १२ टाके वाढतात : १२, २४, ३६, ४८. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी, म्हणून त्याच्या गोलात वाढ निम्मी : ६, १२, १८, २४.

वाढ बेरजेने होते, दुपटीने नाही. दुसऱ्या ओळीत प्रत्येक टाक्यावर दोन घातले म्हणून तिसऱ्या ओळीतही तसंच केलं, तर २४ चे ४८ होतात. हवे असतात ३६. झालर तिथेच सुरू होते. साध्या गोलाची तिसरी ओळ एक टाका एकटा, पुढचा जोडीने, अशी जाते. चौथी दोन एकटे, तिसरा जोडीने. प्रत्येक ओळीत जोडीचे टाके आधीच्या ओळीतल्या जोड्यांच्या अगदी डोक्यावर येत गेले, तर गोलाला हळूहळू कोपरे फुटतात. गोल गरगरीत हवा असेल तर जोडीची जागा थोडी पुढेमागे करावी.

जगभर लोकप्रिय असलेल्या ‘ग्रॅनी स्क्वेअर’ या चौकोनात हेच आकडे वेगळ्या रूपात भेटतात. ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकी शेती नियतकालिकात १८८५ मध्ये त्याचा एक जुना छापील नमुना आढळतो. या चौकोनात तीन-तीन खांबांचे गट असतात. पहिल्या ओळीत चार गट, म्हणजे १२ खांब. दुसऱ्या ओळीत आठ गट, म्हणजे २४. तिसऱ्यात बारा गट, म्हणजे ३६. फरक इतकाच की इथे वाढ सगळीकडे न वाटता चार कोपऱ्यांत साठवली आहे आणि कोपऱ्यांना साखळ्यांची जास्तीची भर दिली आहे.

पाकळ्यांची ओळ

आता २४ खांबांवर सहा पाकळ्या उभ्या करायच्या. प्रत्येक पाकळीच्या वाट्याला चार खांब येतात.

तिसरी ओळ : एक साखळी, त्याच जागी एक मुका खांब. एक खांब सोडा. पुढच्या खांबावर एकाच जागी पाच खांब. एक खांब सोडा. पुढच्या खांबावर पुन्हा मुका खांब, आणि तेच चक्र. अशा सहा पाकळ्या झाल्या की पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिचने जोडा. सुरुवातीची साखळी इथे मोजायची नाही. ती फक्त उंची गाठायला घेतलेली असते.

एकाच जागी पाच खांब घातले की ते पंख्यासारखे पसरतात, आणि दोन पंख्यांमधला मुका खांब कड खाली ओढून धरतो. पाकळी दिसते ती या उंच-सखलपणामुळे.

आता टाके मोजा. पाकळ्यांचे सहा गुणिले पाच, म्हणजे ३० खांब, आणि मधले सहा मुके खांब. एकूण ३६. साध्या सपाट गोलाच्या तिसऱ्या ओळीत हवे होते तेवढेच. फूल दिसायला गोलापेक्षा अगदी वेगळं, पण टाक्यांची बेरीज तीच, म्हणून ते टेबलावर सपाट पडतं. पाकळीत पाचऐवजी सात खांब घातले तर एकूण ४८ होतात आणि पाकळ्या वर उठून एकमेकींवर चढायला लागतात. केसात माळायचं किंवा पिशवीवर टाचायचं उठावदार फूल हवं असेल तर मुद्दाम सात घालावेत. रुमालासाठी मात्र पाच. चांगला नमुना रचणारी व्यक्ती कागदावर फूल काढण्याआधी ही बेरीज करते.

दोरा बदलायचा असेल तर इथे. दोरा १५ सेंटिमीटर ठेवून कापा आणि शेवटच्या वेढ्यातून ओढून घ्या. सुटं टोक बोथट, मोठ्या नाकाच्या सुईत ओवून मागच्या बाजूच्या टाक्यांतून आधी एका दिशेला आणि मग उलट दिशेला फिरवा. नुसती गाठ मारून टोक कापलं तर दोन धुण्यांत गाठ सुटते आणि फूल कडेपासून मोकळं होतं.

जाळी आणि जोड

चौथी ओळ पाकळ्यांची टोकं एकमेकींना बांधते. नवा दोरा कुठल्याही पाकळीच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या खांबावर जोडा.

चौथी ओळ : पाकळीच्या मधल्या खांबावर एक मुका खांब, सहा साखळ्या, पुढच्या पाकळीच्या मधल्या खांबावर मुका खांब, सहा साखळ्या. असं सहा वेळा. शेवटची साखळी पहिल्या मुक्या खांबात जोडा.

सहा मुके खांब आणि छत्तीस साखळ्या मिळून ४२. मुक्या खांबाच्या उंचीची ओळ म्हणजे सहाची वाढ, आणि ३६ अधिक ६ म्हणजे ४२. मात्र साखळीची लांबी प्रत्येकाच्या हातात वेगळी पडते, म्हणून इथे डोळ्यांनीही पाहावं. साखळ्यांनी पाकळ्यांची टोकं आत ओढली जात असतील तर प्रत्येक कमानीत एक साखळी वाढवा. कमान लोंबत असेल तर एक कमी करा. नीट जमलं की फुलाभोवती षटकोन तयार होतो.

षटकोनाचा फायदा जोडताना कळतो. त्याचा प्रत्येक कोन १२० अंशांचा, म्हणून तीन षटकोन एका बिंदूत भेटले की ३६० अंश भरतात आणि मध्ये फट राहत नाही. गोल नुसते एकमेकांना टेकवले तर मध्ये त्रिकोणी भोकं उरतात आणि ती भरायला वेगळी नक्षी लागते.

जोडायचं ते विणता विणता. पहिलं फूल पूर्ण करा. दुसऱ्या फुलाची तिसरी ओळ झाली की चौथीत, जी बाजू जोडायची तिथे सहा साखळ्या सलग न घालता तीन साखळ्या घाला, शेजारच्या फुलाच्या कमानीत सुई घालून एक स्लिप स्टिच, आणि पुन्हा तीन साखळ्या. साखळ्यांची संख्या तीच राहते आणि वेगळी शिवण लागत नाही. एका फुलाभोवती बरोबर सहा फुलं बसतात, म्हणून पहिला पूर्ण आकार सात फुलांचा. त्याभोवती आणखी एक फेरा केला तर १९, मग ३७. दोरा विकत घेण्याआधी हे आकडे उपयोगी पडतात. एका फुलाला किती ग्रॅम लागले ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाहा आणि गुणाकार करा. एकाच रंगाचा दोरा पुन्हा आणायला गेलं की छटा जराशी वेगळी निघते, हा अनुभव विणणाऱ्या सगळ्यांचा.

सुती काम संपलं की थंड पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. जाड टॉवेलवर किंवा गादीवर पसरून प्रत्येक कोपरा ओढून न गंजणाऱ्या टाचण्यांनी टोचा आणि तसंच वाळू द्या. तोवर मळकी, आखडलेली वाटणारी जाळी उघडते आणि षटकोन सरळ होतात. तोरण ताठ हवं असेल तर पातळ खळ करावी. साबुदाण्याची चालते.

मुद्दाम बिघडवलेला गोल

झालर झालेला गोल उसवून टाकण्याऐवजी एका गणितज्ञ बाईंनी तो मुद्दाम विणला. मूळच्या लॅटव्हियाच्या डायना टायमिन्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवत. हायपरबोलिक भूमितीतलं प्रतल, म्हणजे जिथे एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणाऱ्या कितीतरी रेषा काढता येतात असा पृष्ठभाग, विद्यार्थ्यांना दाखवायचं कसं हा प्रश्न होता. कागदाचे तुकडे चिकटवून केलेले नमुने लगेच फाटत. १९९७ मध्ये टायमिन्यांनी तो क्रोशाने विणला. नियम सोपा होता : दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, ओळ कितीही लांब झाली तरी. इथे वाढ बेरजेने नव्हे, गुणाकाराने होते, आणि कड इतकी लांब होते की तिला चुण्या पडल्यावाचून गत्यंतर नसतं. क्रोशात सुईवर एकच वेढा असल्यामुळे हजारो टाक्यांची ओळही पेलता येते. सुयांवर विणताना तेवढे टाके मावलेच नसते.

कोंबड्याच्या तुऱ्यासारखं दिसणारं गर्द फूल, लेट्यूसच्या पानाची कड, समुद्रातले प्रवाळ, सगळीकडे अशीच कडेला जास्त वाढ असते. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या ऑस्ट्रेलियात वाढलेल्या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये टायमिन्यांचा नियम घेऊन क्रोशाचं प्रवाळबेट विणायला सुरुवात केली. पुढे अनेक देशांतल्या हजारो हातांनी त्यात भर घातली. टायमिन्यांच्या पुस्तकाला २०१२ मध्ये गणितविषयक लेखनाचा ऑयलर पुरस्कार मिळाला. तुमचा पहिला गोल झालर झाला असेल तर तो ठेवून द्या. त्यात टाके किती जास्त झाले ते मोजून पाहिलं तर या प्रकरणातला हिशेब आणखी पक्का होतो.

फुलं वाटून घेणारी गावं

हा नमुना एकेका फुलाचा असल्यामुळे तो कुठेही, कधीही, कामाच्या मधे मधे होतो. क्रोशाचा उद्योग याच गुणावर उभा राहिला.

क्रोशा वाटतो तितका जुना नाही. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांना १८००च्या आधीचा खात्रीचा पुरावा सापडला नाही. छापील नमुने १८२०च्या दशकात ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात दिसू लागतात. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक करपून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांनी आणि काही श्रीमंत घरच्या बायकांनी गरीब घरांतल्या मुलीबाळींना क्रोशा शिकवला. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावात धर्मगुरूची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ मध्ये हे काम सुरू केलं. व्हेनिसच्या सुईच्या लेससारखी दिसणारी, पण तिच्यापेक्षा कितीतरी भराभर होणारी ही लेस युरोपात खपू लागली. कामाची वाटणी होती. एका घरी गुलाब, दुसऱ्या घरी तीन पानांचं शॅमरॉक, तिसऱ्या घरी पानं. मग ते सगळे तुकडे कापडावर टाचून मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरायची. भुकेल्या घरात, अपुऱ्या उजेडात, एक गुलाब तरी पुरा होत असे.

भारतात हेच चित्र गोदावरीच्या काठी दिसतं. त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी ही नदी आंध्रात समुद्राला मिळण्यापूर्वी फाटे फुटून वाहते. तिच्या वसिष्ठ गोदावरी या फाट्यावर नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इथल्या बायकांना क्रोशा शिकवला आणि आसपासच्या गावांत तो घरोघरी पसरला. माल परदेशी जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक लिहिलं. काही बायका फक्त फुलं विणत, काही फक्त ती जोडत, दोरा आणि तयार माल यांची ने-आण दलाल करत. दिवसाचे कितीतरी तास हे काम करूनही या बायका गृहिणीच म्हणवल्या जात आणि त्यांचं विणणं फावल्या वेळेतला विरंगुळा धरलं जाई. विरंगुळ्याला मजुरी द्यायची नसते, म्हणून मजुरी अगदी किरकोळ आणि नफा व्यापाऱ्यांचा, हे मीस यांनी मांडलं. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नाव सुरक्षित झालं. मजुरीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मानांकनाने आपोआप सुटत नाही.

तुमच्या फुलाचा हिशेब आता तुमच्यापाशी आहे. १२, २४, ३६ आणि ४२ मिळून ११४ टाके, साखळ्या धरून. मध्याची कडी आणि स्लिप स्टिच वेगळे. सात फुलांच्या रुमालात ७९८, एकोणीस फुलांच्या मेजपोशात २,१६६. फूल आणि जाळी दोन रंगांची असतील तर दर फुलाला चार टोकं, म्हणजे एकोणीस फुलांत ७६ टोकं ओवून लपवायची. एका फुलाला वीस मिनिटं धरली तरी एकोणीस फुलांना सहा तासांहून जास्त लागतात, आणि टोकं, भिजवणं, टोचणं त्यात धरलेलं नाही. यंत्र यातला एकही टाका वाचवत नाही. पुढच्या वेळी प्रदर्शनात किंवा रस्त्याकडेला क्रोशाचं तोरण दिसलं, तर किंमत विचारण्याआधी त्यातली फुलं मोजा, एका फुलाच्या ओळी मोजा आणि गुणाकार करा. मग घासाघीस करायची की नाही, ते ठरवा.